उतार विचारा, अंतर नंतर

वाचकांचे प्रश्न

सुट्ट्यांचे बेत सुरू झाले की आमच्याकडे सायकलींची पत्रं वाढतात. या वेळी नाशिक आणि आसपासहून आलेल्या बहुतेक पत्रांचा विषय एकच आहे : गाईडबरोबर परदेशातल्या डोंगरांत एमटीबी (माउंटन बाइक) चालवायची आहे, सहल कशी निवडायची? सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : वय ४४. दोन वर्षांत २०० किलोमीटरच्या तीन ब्रेव्हे (ठरलेल्या वेळेत संपवायच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेऱ्या) वेळेत पूर्ण केल्या. आता दोन माहितीपत्रकं समोर आहेत, एक इटलीतल्या फिनाले लिगुरेचं आणि दुसरं नेपाळमधल्या मुस्तांगचं. दोन्हींवर ‘मध्यम’ लिहिलंय. इटलीत रोज जेमतेम २५ किलोमीटर आहेत. मग तीच सोपी ना? (गंगापूर रोड)

उत्तर : उलट. रोजचे किलोमीटर जितके कमी तितका उतार अवघड असण्याची शक्यता जास्त. साडेतेरा तासांत २०० किलोमीटर संपवणाऱ्याच्या पायांबद्दल आणि दमाबद्दल आम्हाला शंका नाही. पण डांबरी रस्त्यावर उतार म्हणजे विश्रांती, डोंगरातल्या पायवाटेवर उतार हेच खरं काम. आपल्याकडच्या सायकलस्वारांची गफलत इथेच होते. चढावर सगळ्यांच्या पुढे आणि उतारावर सायकल हातात धरून सगळ्यांच्या मागे.

फिनालेतला दिवस कसा असतो ते बघा. सकाळी व्हॅन माणसांना आणि सायकलींना समुद्रकिनाऱ्यावरून सुमारे १००० मीटर उंचीवर, जुन्या नाटो तळाच्या परिसरात नेऊन सोडते. तिथून जंगलातल्या वाटेने खाली. आधी झाडांची मुळं, मग चुनखडीचे धारदार खडक. दिवसात तीन फेऱ्या झाल्या तर उतार २००० मीटरच्या पुढे जातो आणि चढ जवळपास नसतोच. पाय ताजे राहतात, पण पंजे, मनगटं आणि मांड्या भरून येतात. तिसऱ्या फेरीला ब्रेकवरचं बोट हुकमात राहत नाही, आणि पडायची वेळ येते ती तेव्हाच.

‘मध्यम’ या शब्दावर जाऊ नका, प्रत्येक कंपनीचं मध्यम वेगळं. सहल विकणाऱ्याला सिंगलट्रेल स्केल विचारा. पायवाट किती अवघड ते सांगणारी, जर्मन भाषिक आल्प्समधून आलेली ही मोजपट्टी एस-० ते एस-५ अशी आहे. एस-० म्हणजे सरळ, घट्ट वाट. एस-१ मध्ये छोटी मुळं आणि दगड येतात. एस-२ मध्ये मोठे दगड, सुटी माती आणि पायऱ्या. एस-३ मध्ये मोठ्या धोंड्यांतून वाट काढावी लागते आणि वळणं आवळ असतात. त्यापुढचं आपलं काम नाही. काही ठिकाणी रंग वापरतात, पण तिथेही घोळ आहे : युरोपात निळ्यानंतर लाल आणि मग काळा, उत्तर अमेरिकेत लाल नाहीच, निळ्यावरून थेट काळा. त्यामुळे रंग सांगितला तर कुठला देश तेही बघायचं.

ईमेलमध्ये इतकंच विचारा : रोजचा एकूण उतार किती मीटर? त्यातला किती पायवाटेचा आणि किती जीपच्या रस्त्याचा? आठवड्यातला सगळ्यात अवघड तुकडा कोणत्या श्रेणीचा? तो टाळायला दुसरी वाट आहे का, आणि ती घेणाऱ्याबरोबर गाईड असतो का? शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. ‘आहे, पण तुम्ही एकटे याल’ असं उत्तर आलं तर ती वाट नाही असंच समजा. व्हिडिओ पाहून ठरवू नका, हेल्मेटवरचा कॅमेरा उतार सपाट करून दाखवतो.

आमचा सल्ला : पहिल्या परदेशी सहलीला बहुतांश एस-१ आणि अधूनमधून एस-२ असावं. मुस्तांगमधल्या नेहमीच्या कार्यक्रमात जीपरस्त्याचा वाटा मोठा असतो, त्यामुळे उंचीचं नियोजन नीट असेल तर ती सहल तुम्हाला आधी जमेल. फिनालेतही सोप्या वाटा आहेत, पण तिथे जायचं तर आधी दोन-तीन महिने उताराचा सराव हवा. (तो कसा करायचा ते पुढे दिलं आहे.)

प्रश्न : गाईड खरोखर तयार आहे की नुसता वाटा ओळखणारा, हे इथे बसून कसं कळणार? (इंदिरानगर)

उत्तर : पूर्ण कळत नाही, पण बरंचसं कळतं. फ्रान्समध्ये पैसे घेऊन गाईड करायला सरकारी पदविका आणि व्यावसायिक ओळखपत्र लागतं, ते मागितलं तर कोणी रागावत नाही. सगळ्या देशांत असं नाही. तिथे प्रथमोपचाराचं विचारा. ‘वाइल्डरनेस फर्स्ट रिस्पॉन्डर’ हा ७०-८० तासांचा अभ्यासक्रम आहे आणि ‘वाइल्डरनेस फर्स्ट एड’ साधारण १६ तासांचा. दवाखाना तीन तासांवर असेल तर पहिला अभ्यासक्रम झालेला माणूस हवा.

एका गाईडमागे सहा जण ठीक, आठ म्हणजे कमाल. सहाच्या वर गट असेल तर मागे राहणारा दुसरा माणूस हवाच. तो नसेल तर काय होतं? पुढचा गाईड फाट्यावर थांबतो, मागचा पंक्चर काढत बसतो, मधले दोघं चुकीच्या फाट्याने उतरतात आणि अर्धा दिवस शोधाशोधीत जातो.

प्रश्न : माझी स्वतःची फुल सस्पेन्शन (पुढे-मागे दोन्हीकडे धक्के झेलणारी) सायकल आहे. ती न्यावी की तिथे भाड्याने घ्यावी? (पाथर्डी फाटा)

उत्तर : आधी वजनाचा हिशोब करा. सायकल १४-१५ किलो, कडक खोका ८-१० किलो. बहुतेक विमान कंपन्यांची एका नगाची २३ किलोची मर्यादा तिथेच संपते. दुकानातून फुकट मिळणारा पुठ्ठ्याचा खोका ४-५ किलोंत बसतो, पण तो पावसात भिजला की संपला. शिवाय नाशिकहून मुंबई विमानतळापर्यंत खोका न्यायला लहान गाडी पुरत नाही. एका आठवड्याच्या सहलीला भाड्याचीच घ्या. दोन-तीन आठवड्यांची असेल किंवा तुमची उंची इतकी कमी-जास्त असेल की मापाची सायकल मिळणार नाही, तर स्वतःची न्या.

भाड्याची घेतली तरी चार वस्तू इथून न्या : हेल्मेट, पेडल, सीट आणि गुडघ्याचे पॅड. पेडल काढताना डाव्या बाजूचे आटे उलटे असतात हे लक्षात ठेवा. नाहीतर काढायला गेलात आणि आवळून बसलात असं होतं. काही पेडलना १५ मिलिमीटरचा पाना लागतो, काहींना ८ किंवा ६ ची ॲलन की. घरी एकदा काढून, ग्रीस लावून परत बसवून बघा.

तिथे पोचल्यावर पहिला अर्धा तास सायकलीला द्या, गट खोळंबला तरी चालेल. आधी ब्रेक. आपल्याकडे बहुतेक सायकलींचा पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो, युरोपात तो डाव्या हाताला असतो. घाबरल्यावर हात जुन्या सवयीने दाबतो आणि मागचा समजून पुढचा दाबला की माणूस हँडलवरून जातो. दुकानाला आधीच कळवलं तर ते बाजू बदलून देतात. जागेवर सांगितलं तर बहुधा ‘सवय होईल’ असं ऐकावं लागतं.

मग सस्पेन्शन. फोर्कच्या, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या काट्याच्या, चकचकीत नळीवर रबराची बारीक कडी असते. ती खाली सीलला टेकवा. पाण्याच्या पिशवीसकट सायकलवर चढा, भिंतीला टेकून दोन्ही पेडलवर उभे राहा आणि न उसळता हळूच उतरा. कडी जितकी सरकली तितका सॅग, म्हणजे तुमच्या वजनाने सस्पेन्शन दबतं ते अंतर. फोर्क एकूण १४० मिलिमीटर दबणारा असेल तर पुढे २१ ते २८ मिलिमीटर ठीक, म्हणजे १५ ते २० टक्के. मागच्या शॉकवर २५ ते ३० टक्के. कडी ४० मिलिमीटर सरकली तर हवा कमी आहे, उतारावर पुढची बाजू बुडेल. म्हणूनच बुकिंगच्या फॉर्मवर वजन खरं लिहा, सामानासकट. वजन चोरलं की शॉकमध्ये हवाही कमी भरली जाते.

टायरची हवा हा आमच्या रोडवाल्यांचा, म्हणजे डांबरीवर सायकल चालवणाऱ्यांचा, आवडता वाद. ७५ किलोच्या माणसाला २.४ इंची ट्यूबलेस टायरमध्ये पुढे २२-२४ आणि मागे २५-२७ पीएसआय पुरते. ‘एवढी कमी?’ म्हणून चाळीस भरली की सायकल प्रत्येक दगडावरून चेंडूसारखी उडते आणि टायर पकडच घेत नाही.

ब्रेक पॅड नवे असतील तर मोकळ्या रस्त्यावर वेग घेऊन, चाक लॉक न करता पंधरा-वीस वेळा जवळजवळ थांबेपर्यंत दाबा. त्याशिवाय ते धरत नाहीत. आणि गिअरचा हँगर : मागचा डिरेलर (साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग) ज्या छोट्या ॲल्युमिनियमच्या तुकड्यावर लटकतो तो. दगड लागला की फ्रेम वाचावी म्हणून तोच वाकतो किंवा मोडतो. प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो, दुसऱ्याचा बसत नाही. त्या सायकलीचा जादा हँगर गाईडच्या पिशवीत आहे का, हे विचारणारा ग्राहक दिसला की दुकानदार सावध होतो. ताब्यात घेताना प्रत्येक ओरखड्याचा फोटो काढायला विसरू नका, अनामत रकमेची भांडणं तिथूनच सुरू होतात.

प्रश्न : वय ५८, रक्तदाबाची गोळी चालू आहे. रोज पहाटे ३० किलोमीटर सायकल, वर्षातून दोनदा कळसूबाई. मुस्तांगच्या उंचीवर त्रास होईल का? कार्यक्रम असा : पोखरा–जोमसोम विमान, त्याच दिवशी जीपने मुक्तिनाथ, मुक्काम, दुसऱ्या दिवसापासून सायकलने खाली. (सातपूर)

उत्तर : काका, तुमची तब्येत नाही, हा कार्यक्रमच आम्हाला आजारी वाटतो.

नाशिक सुमारे ६०० मीटरवर. कळसूबाई १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर, पण विरळ हवेच्या सवयीसाठी त्याचा उपयोग नाही. पोखरा ८०० मीटरच्या आसपास, जोमसोम सुमारे २७००, मुक्तिनाथ ३७०० च्या वर. म्हणजे सकाळी पोखऱ्यात चहा घेतलेला माणूस रात्री जवळपास तीन हजार मीटर वर झोपणार. ३००० मीटरच्या पुढे झोपायची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये असा नियम आहे. दिवसा कितीही वर जा, हिशोब झोपायच्या जागेचा.

कंपनीला असा बदल सुचवा : पहिली रात्र जोमसोम किंवा मार्फा, पुढच्या दोन रात्री कागबेनी (सुमारे २८०० मीटर). मग सकाळी लवकर मुक्तिनाथला जाऊन दर्शन घ्यायचं आणि त्याच दिवशी लुब्रा गावाच्या वाटेने किंवा रस्त्याने खाली येऊन जोमसोमला झोपायचं. मुक्तिनाथला मुक्काम नाहीच. नकार मिळाला तर दुसरी कंपनी बघा.

डोकेदुखी आणि त्याबरोबर मळमळ, भूक जाणं किंवा गळून गेल्यासारखं वाटणं, यातलं काही दिसलं तर त्या दिवशी वर जायचं नाही. बसल्या जागी धाप लागली, किंवा टाचेला अंगठा लावत सरळ रेषेत चालता येईना, तर ताबडतोब खाली, रात्र असली तरी. डायमॉक्स म्हणजे ॲसिटाझोलामाइड ही गोळी उंचीचा त्रास टाळायला काही जण आधीपासून घेतात. रक्तदाबाच्या काही औषधांनी लघवी वाढते, काहींनी नाडीचा वेग वाढत नाही. त्यात ही गोळी घालायची की नाही हे तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचं, सोबतच्या मित्रांनी नाही. सल्फाची ॲलर्जी असेल तर तेही डॉक्टरांना सांगा.

आणि वारा. काली गंडकीच्या खोऱ्यात सकाळी दहा-अकरानंतर दक्षिणेकडून जोरदार वारा सुटतो. जोमसोमची विमानं सकाळीच उडतात ती म्हणून. तुम्ही उतरणार दक्षिणेकडेच, म्हणजे वारा समोरून. दुपारी उतारावरही पेडल मारावं लागतं आणि तोंडात रेती जाते. साडेसहाला निघणारा कार्यक्रम घ्या. नेपाळला आपल्याला व्हिसा लागत नाही, विमानाने जाताना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र चालतं. १०० भारतीय रुपयांना १६० नेपाळी रुपये हा दर ठरलेला आहे.

प्रश्न : ट्रॅव्हल एजंट म्हणतो, विमा पॅकेजमध्येच आहे. वेगळा काढावा का? (देवळाली कॅम्प)

उत्तर : आधी पॉलिसीचे शब्द मागवा, माहितीपत्रक नाही. शेंगेन व्हिसाला (युरोपातल्या बहुतेक देशांसाठीच्या एका व्हिसाला) किमान ३०,००० युरोचं वैद्यकीय संरक्षण लागतं. तेवढं असलं की व्हिसा मिळतो, पण पायवाटेवर पडून मोडलेलं मनगट त्यात बसतंच असं नाही. साध्या प्रवास विम्यात माउंटन बाइकिंग बऱ्याचदा ‘साहसी खेळ’ म्हणून वगळलेलं असतं.

विमा कंपनीला, एजंटला नाही, ईमेल करा : गाईडसोबत पायवाटेवरची एमटीबी धरली आहे का? लिफ्टने किंवा व्हॅनने वर जाऊन खाली येणं ‘डाउनहिल’ म्हणून वगळलं आहे का? उंचीची मर्यादा किती मीटर? हेलिकॉप्टरने काढावं लागलं तर आधी कोणत्या नंबरवर मंजुरी घ्यायची? उत्तर लेखी ठेवा. रक्तदाब, साखर लपवू नका, दावा तिथेच अडतो. भाड्याच्या सायकलीचं नुकसान प्रवास विम्यात सहसा नसतं, दुकानाचं वेगळं संरक्षण मिळत असेल तर ते घ्या.

प्रश्न : ह्यांना डोंगरातलं सायकलिंग जमतं, मला रोजची कॉलेज रोडची सायकल. दोघांनी एकत्र जायचं आहे. ई-बाइक घेतली तर जमेल? आणि आम्ही शाकाहारी. (महात्मानगर)

उत्तर : चढावर जमेल. युरोपातली ई-एमटीबी तासाला २५ किलोमीटर वेगापर्यंत मोटरची मदत करते आणि नवरा-बायकोतलं चढावरचं अंतर पुसून टाकते. उतारावर मात्र ती २२-२४ किलोंची जड सायकल आहे, थांबवायला जास्त जोर लागतो. म्हणून वाट तुमच्या उताराला झेपेल अशी निवडा, त्यांच्या नाही. त्यांना एक-दोन दिवस वेगळ्या गटाबरोबर सोडता येईल अशी सहल बघा. ई-बाइक तिथेच घ्यावी लागेल. १६० वॅट-तासांपेक्षा मोठी बॅटरी प्रवासी विमानात चालत नाही आणि या सायकलींच्या बॅटऱ्या ५०० च्या पुढे असतात.

जेवणाचं म्हणाल तर ‘व्हेज’ एवढंच कळवलं की मासे आणि अंडं समोर येतं. मांस, मासे, अंडं यातलं काय चालत नाही ते एकेक लिहून द्या. युरोपात दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सोबत नेता येत नाहीत, म्हणजे साजूक तूप, पेढे, श्रीखंडवडी घरीच. चिवडा, भाजणी, शेंगदाण्याची कोरडी चटणी चालते. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. बोटांचे ठसे गेल्या ५९ महिन्यांत दिले नसतील तर त्यासाठी मुंबई-पुण्याची एक फेरी धरा.

प्रश्न : नाशिकमध्ये राहून उताराचा सराव कसा करायचा? (सिडको)

उत्तर : पहिले तीन आठवडे रिकाम्या मैदानावर. सीट चार बोटं खाली घ्या. दोन्ही पेडल आडवी एका पातळीत, टाचा किंचित खाली, कोपर बाहेर, ब्रेकवर एकेकच बोट. खडूची रेघ मारा, १५ च्या वेगाने या आणि रेघेपासून ब्रेक लावून किती अंतरात थांबता ते मोजा. पुढचा ब्रेक जास्त काम करतो, पण तो हळूहळू दाबायचा आणि त्याच वेळी अंग मागे-खाली न्यायचं. मग तीन मीटर रुंदीत उलटं वळण. नजर चाकावर नाही, वळणाच्या शेवटावर. तिथे जमलं नाही तर आल्प्समध्येही जमणार नाही.

त्यानंतर मुरमाड उतार. गंगापूर धरणाच्या मागच्या बाजूचे कच्चे रस्ते, आंजनेरी आणि रामशेजच्या पायथ्याच्या वाटा पुरतात. पावसाळ्यात शेताच्या काळ्या मातीत जाऊ नका. पन्नास मीटरमध्ये चाक चिखलाने जाम होतं आणि सराव सायकल उचलण्याचा होतो. उतारावर ब्रेक सतत दाबून ठेवू नका, पॅड तापतात आणि पकड सुटते. जोरात दाबा, सोडा, पुन्हा दाबा. तळाला गेल्यावर डिस्कला बोट लावून बघायचा मोह आवरा, चटका बसतो.

हातपायांचा दम वाढवायला नांदुरीहून सप्तशृंगीचा घाट चढा आणि सुमारे १० किलोमीटर सीटला न टेकता, पेडलवर उभं राहून उतरा. अर्ध्यात मांड्या थरथरल्या तर फिनालेला अजून वेळ आहे. घाटात रविवारी आणि चैत्र-नवरात्राच्या यात्रेत जाऊ नका, एसटीच्या वळणांवर सायकलला जागा उरत नाही.

प्रश्न : गुडघ्याचे पॅड भाड्याने मिळत असताना इथून का न्यायचे? (नाशिक रोड)

उत्तर : कारण ते दुसऱ्याच्या घामाने ओले असतात आणि माप चुकलं की तासाभरात घोट्यापर्यंत घसरतात. विकत घ्या, घालून वीस मिनिटं पेडल मारून बघा. गुडघ्यामागे चिमटा बसत असेल तर एक माप मोठं घ्या.